हुं... आणि टक्

बसा. खिडकीपाशी बसलात तर उत्तम.

मे महिन्यातली नागपूरची दुपार. एसी चालू आहे. वारा येतो आहे, पण गार नाही.

रिमोट खाली ठेवा. 18 वर नेऊन काही होणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

नुसतं ऐका.

बाहेरच्या युनिटमध्ये पंखा फिरतो आहे. त्याच्या खालून एक जड आवाज येतो. हुं... काही सेकंद. मग टक्. मग पुन्हा फक्त पंखा.

या आवाजापाशी थांबा.

हुं... म्हणजे कॉम्प्रेसरची मोटर सुरू व्हायला बघते आहे. आपल्या घरातली वीज एका फेजची. जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत ती तशीच मोटरला मिळते. नुसत्या मुख्य वायंडिंगमध्ये ती सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होते आणि रोटरला दोन्ही बाजूंनी सारखीच ओढते.

दोघांनी दोन बाजूंनी सारख्या जोराने लोटलेलं दार डोळ्यांपुढे आणा. दार थरथरतं. हलत नाही.

ती थरथर ऐकू येते का?

टक्. हा ओव्हरलोड. अडकलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, तापते. धातूची छोटी चकती उष्णतेने वाकते आणि वाट तोडते. निवली की पुन्हा जोडते. मग पुन्हा हुं...

दोनदा ऐकलंत, पुरे. आता एसीचा एमसीबी खाली करा. प्रत्येक हुंकाराला वायंडिंग भाजते आहे, आणि ती जळली तर खर्च मोठा.

शांत झालं.

आता मेकॅनिक येऊ दे. झाकण त्यानेच उघडायचं. आपण मागे उभं राहून पाहायचं.

आत ॲल्युमिनियमचा एक उभा डबा आहे. कपॅसिटर. दुसऱ्या वायंडिंगच्या वाटेत हा बसतो आणि तिथला करंट थोडा आधी पोचवतो. तेवढ्या फरकाने रोटरला दिशा मिळते.

डब्याकडे पाहा. माथा सपाट आहे, की फुगलाय?

आत प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळलेली असते, तिच्यावर धातूचा थर. एखादी जागा फुटली की भोवतीचा धातू उडून जातो आणि जखम आपोआप बंद होते. कपॅसिटर चालत राहतो. थोडा कमी होऊन. उन्हाळ्यामागून उन्हाळे, असाच, थोडा थोडा कमी.

हात लावू नका. वीज तोडली तरी या डब्यात 300 च्या घरात व्होल्ट उरलेले असू शकतात.

ते उतरवायला मेकॅनिक दोन्ही टोकांना 20 किलो-ओमचा रेझिस्टर धरतो, सोबत मीटर लावतो. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडणारेही भेटतात. मला ते पाहवत नाही.

मीटरचा आकडा उतरतो आहे. त्याच्याबरोबर श्वास सोडा.

सावकाश. पाचेक सेकंद.

शून्याजवळ आला? मीटर खरं बोलतोय ना, हे चांगला मेकॅनिक आधीच एका चालू पॉइंटवर लावून बघतो.

आता तो तारा काढून कपॅसिटर मोजतो. डब्यावर छापलंय 50 मायक्रोफॅरड, अधिक-उणे 5 टक्के. म्हणजे 47.5 च्या खाली जायला नको.

मीटर म्हणतो, 31.

त्या आकड्यापाशी क्षणभर थांबा. घाई नको.

असाच हुंकार जॅम झालेला कॉम्प्रेसरही देतो. कमी व्होल्टेज असेल तरीही येतो. म्हणून नुसत्या कानावर निकाल द्यायचा नाही. कानाने फक्त कुठे बघायचं ते सांगितलं.

नवा कपॅसिटर 50 चाच हवा. व्होल्टचा आकडा जुन्याएवढा किंवा जास्त चालेल, कमी नको.

आणि पुढे कधी कुणी दारातूनच ऐकून ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणाला, तर त्याला आधी कपॅसिटर मोजून आकडा दाखवायला सांगा.