नवख्याचा प्रश्न

गाझियाबादहून दिल्लीच्या कचेरीत जाऊ लागलो, त्या पहिल्या वर्षी संगणकावर ‘दुसऱ्या’ हा शब्द कसा उमटवावा, असे मी एका जाणत्यास विचारले. “हे पूर्वीच सांगितले आहे,” एवढेच उत्तर आले. ते खोटे नव्हते. मग बोचले का?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायारंभी अर्जुन विचारतो, ज्ञान श्रेष्ठ, तर मला कर्मात का लोटतोस? पाचव्याच्या आरंभी जवळजवळ तीच शंका पुन्हा. श्रीकृष्ण पुन्हा समजावतात.

पुनरुक्तीचा शीण खरा आहे. परंतु प्रश्न जुना असला तरी विचारणारा नवा असतो. खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडून ‘य’ जोडावा: उत्तर एवढेच. आता ते मी सांगतो. कधी “पूर्वीच सांगितले” ओठांवर येते. तेव्हा माझाच पहिला दिवस आठवतो.