हानी, समत्व आणि पायउतार

लाभ आणि हानी समान मानून कर्मास प्रवृत्त व्हावे, असे भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. त्यावर शंका अशी की, ज्याला दोन्ही सारखीच, त्याने हानी झाल्यावर मागे का सरावे? अमेरिकेत रूढ झालेल्या पोकर ह्या पत्त्यांच्या खेळावरून ह्या शंकेचा चांगला उलगडा होतो. (द्यूताची प्रशंसा करण्याचा हेतू नाही, सभापर्व वाचलेल्यास ते शक्यही नाही.)

ह्या खेळात कौशल्य आहे, परंतु फल त्याच्या स्वाधीन नाही. 'होल्डेम' प्रकारात हाती दोन एक्के व प्रतिपक्षाच्या हाती दोन राजे असता, पुढील पत्ते उघडण्यापूर्वीच सर्व द्रव्य पणास लागले, तरी एक्केवाला शंभरांत सुमारे १८ वेळा हरतो. कर्म निर्दोष, फल विपरीत! असे लागोपाठ घडले की गाठचे धन आटते. मग जाणता खेळाडू अल्प रकमेच्या मेजावर जाऊन बसतो; दुसरा मात्र तेथेच ठाण मांडतो, किंवा गेलेले एका डावात परत आणू पाहतो.

हा दुसरा स्वतःस धीरपुरुष समजतो. वस्तुतः त्याला पैशाहूनही पंक्ती सुटत नाही. परिणाम, क्षय व स्वतःचे पौरुष न पाहता मोहाने आरंभिलेले कर्म तामस, असे अठराव्या अध्यायात म्हटले आहे. 'पौरुष' म्हणजे पराक्रम, असे भाषांतर करण्याचा मोह होतो; परंतु शंकराचार्यांनी तेथे 'हे कार्य मला तडीस नेता येईल' असे आत्मसामर्थ्य घेतले आहे. समत्व चित्ताचे असते, हिशेबाचे नव्हे. युधिष्ठिरही प्रत्येक हानीनंतर पुढचा पण लावीतच गेला. त्यास कोणी समत्व म्हणत नाही.

ख्रिस फर्ग्युसन हा २००० साली ह्या खेळाचा जगज्जेता झाला. पारितोषिक १५ लक्ष डॉलरचे. तोच २००६ साली, प्रवेशमूल्य नसलेल्या स्पर्धांपासून, शून्यातून दहा हजार डॉलर करण्यास बसला. रोख खेळात संचिताच्या शेकडा ५ हून अधिक रक्कम मेजावर न्यावयाची नाही, हा त्याचा नियम. संचित घटले की नियमच त्याला खाली उतरवी. २००७ मध्ये संकल्प सिद्धीस गेला.

अर्थात केवळ देहाने उतरणे पुरेसे नाही. खालच्या मेजावर बसून मनाने वरच्याच मेजाचे स्मरण करणारा तिसऱ्या अध्यायातील मिथ्याचारी होय; आणि असा मनुष्य समोरचा लहान डावही अवधानाने खेळत नाही, म्हणून तेथेही हरतो.