एकट्याचे सैन्य

१४ मार्च २००३ रोजी अमेरिकेत ‘विलर्ड’ नावाचा भयपट लागला आणि फार न चालता उतरलाही. दोन कोटी डॉलरहून अधिक खर्च करून काढलेल्या या चित्रपटाने तिथल्या तिकीटबारीवर सत्तर लाखांच्या आसपासच कमाई केली. गोष्ट सांगायला सोपी आहे. जुनाट घरात आजारी आईची सेवा करणारा आणि वडिलांच्याच कंपनीत साहेबाच्या शिव्या खाणारा एक कारकून आहे. त्याला घरात उंदीर सापडतात, ते त्याचे ऐकू लागतात आणि त्याच्या अपमानांची परतफेड दातांनी करतात. हीच गोष्ट १९७१ साली याच नावाने पडद्यावर आली होती, तेव्हा तिला धो धो गर्दी लोटली होती. बत्तीस वर्षांत उंदरांची किळस तर कमी झाली नव्हती. बदलला होता तो एकट्या माणसाकडे पाहण्याचा डोळा. हा बदल समजून घ्यायचा, तर विलर्डच्याही मागे जावे लागते.

साकी या टोपणनावाने लिहिणाऱ्या हेक्टर ह्यू मन्रोची ‘श्रेड्नी वाष्टार’ ही कथा १९११ सालच्या संग्रहात आहे. कॉनराडिन हा दहा वर्षांचा दुखणाईत मुलगा. डॉक्टरांनी त्याला पाच वर्षेही दिलेली नाहीत. त्याची पालक असलेली नात्यातली बाई त्याच्या भल्याच्या नावाखाली त्याचे एकेक सुख काढून घेते. बागेतल्या मोडक्या खोपटात त्याने एक कोंबडी आणि एक फेरेट लपवलेले असतात. फेरेट हा मुंगसासारखा लांबट, तीक्ष्ण दातांचा प्राणी. मुलगा त्याला देव मानतो, त्याला नाव देतो, त्याची पूजा मांडतो. कोंबडी विकली जाते तेव्हा तो देवाकडे एकच मागणे मागतो, आणि देव ते पुरे करतो. दाराबाहेर किंकाळ्या उठत असताना मुलगा पाव भाजून त्याला लोणी लावत बसतो.

ही कथा मुलाला कोणतीही शिक्षा देत नाही. साकी स्वतः ब्रह्मदेशातल्या अक्याबचा जन्म असलेला, दोन वर्षांचा असताना आईला मुकलेला, इंग्लंडमध्ये आजी आणि करड्या आत्यांच्या शिस्तीत वाढलेला. छळ झालेल्या मुलाच्या बाजूने तो इतका निःशंक उभा राहतो, यात नवल नाही. इथे प्राणी हा मुलाच्या मनातल्या रागाचेच रूप आहे. त्या रागाला स्वतःचे असे काही मागणे नाही.

स्टीफन गिल्बर्टने १९६८ साली ते मागणे दिले. गिल्बर्ट उत्तर आयर्लंडचा; बेलफास्टमध्ये बियाण्यांच्या पेढीत त्याने नोकरी केली. बियाणे आणि उंदीर यांची संगत धान्याच्या कोठाराजवळ राहणाऱ्या कोणालाही सांगावी लागत नाही. त्याची ‘रॅटमॅन्स नोटबुक्स’ ही कादंबरी दैनंदिनीच्या रूपात लिहिलेली आहे आणि ती लिहिणाऱ्याला नाव नाही. नावे आहेत ती उंदरांना. सॉक्रेटिस हा लाडका. बेन हा हुशार, ताकदवान आणि मालकाला नकोसा. कॉनराडिनला एकच देव होता. या निनावी कारकुनाकडे आता एक टोळी आहे, आणि टोळी आली की तिच्यात कोण वर, कोण खाली, हेही आले. नुसत्या सूडकथेची इथे सत्तेची गोष्ट झाली. या परंपरेतले सर्वांत मोलाचे पाऊल गिल्बर्टचेच, आणि त्याचे नाव आज जवळजवळ कोणी घेत नाही.

डॅनियल मानने १९७१ साली या कादंबरीवर चित्रपट केला तेव्हा निनावी माणसाला विलर्ड स्टाइल्स हे नाव मिळाले आणि ब्रूस डेव्हिसनचा कोवळा, देखणा चेहरा मिळाला. आईच्या सांगण्यावरून विलर्ड उंदीर बुडवायला निघतो. खाण्याच्या आमिषाने त्यांना गोळा करतो आणि पाणी सोडतो. पाणी चढते, ते जीव कळवळू लागतात आणि त्याला राहवत नाही. तो फळी टाकून त्यांना वाट करून देतो. सगळ्या रक्तपाताच्या मुळाशी ही दया आहे. त्याच्या आईच्या भूमिकेत एल्सा लँचेस्टर होती, हा योगायोग असला तरी सुंदर आहे. १९३५ साली फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसासाठी घडवलेली आणि त्याला पाहताच किंचाळणारी वधू हीच. एकटेपणा असह्य झालेल्या त्या राक्षसाला नाकारणारी बाई छत्तीस वर्षांनी दुसऱ्या एकट्या जिवाची आई होऊन आली.

साहेब मार्टिन झालेला अर्नेस्ट बोर्गनाइन इतका ढळढळीत दुष्ट आहे, की त्याच्यावर उंदीर सुटतात तेव्हा प्रेक्षकाचे मन विलर्डच्या बाजूला असते. पण त्यानंतर विलर्ड बेनला वाऱ्यावर सोडतो आणि बेन परत येऊन त्याचा हिशेब करतो. साकीने माफ केलेला सूड इथे फेडावा लागतो.

यश मिळाले की नकला येतात. १९७२ च्या ‘स्टॅन्ले’मध्ये व्हिएतनामहून परतलेला सेमिनोल जमातीचा एक तरुण फ्लॉरिडाच्या दलदलीत सापांसोबत राहतो आणि कातड्यासाठी साप मारणाऱ्यांवर उलटतो. चित्रपट ओबडधोबड आहे, पण त्यात एकटेपणाला युद्ध आणि वंश यांचे कारण मिळाले, ही नोंद घ्यायला हवी. त्याच वर्षी ‘विलर्ड’चा पुढचा भाग ‘बेन’ आला. यात बेनचा दोस्त आहे हृदयविकार असलेला लहान मुलगा डॅनी. चित्रपट विसरला गेला. त्यातले गाणे राहिले. डॉन ब्लॅक आणि वॉल्टर शार्फ यांचे ते गाणे तेरा वर्षांच्या मायकल जॅक्सनने गायले, अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेले, आणि त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले. मैत्रीचे हे कोवळे गाणे माणसे मारणाऱ्या उंदरासाठी आहे, हे ते गुणगुणणाऱ्या कितीतरी जणांना ठाऊक नसते.

पुढे एकटा माणूस आणि त्याचा प्राणी ही जोडी फुटली. १९७५ च्या ‘जॉज’ने मारेकरी प्राणी घेतला आणि त्याच्यामागचा माणूस काढून टाकला. १९७६ च्या ‘कॅरी’ने चिडवली जाणारी एकटी मुलगी घेतली आणि तिची शक्ती प्राण्यांतून काढून तिच्याच मनात ठेवली. दोन्ही चित्रपट ‘विलर्ड’पेक्षा कितीतरी सरस आहेत. तरी या फाटाफुटीत एक गोष्ट हरवली: दुबळ्याच्या हाती सत्ता आली की तो त्याच्याहून दुबळ्याशी कसा वागतो, हा प्रश्न.

तो प्रश्न २००३ साली ग्लेन मॉर्गनने परत आणला. म्हणून हा रिमेक मूळ चित्रपटापेक्षा अधिक विचार करायला लावतो, असे ठामपणे म्हणता येते. क्रिस्पिन ग्लोव्हरचा विलर्ड देखणा नाही. गळ्यापर्यंत बटणे, तेल लावल्यासारखे चापून बसवलेले केस, रडण्याच्या काठावरचा आवाज. मार्टिनची भूमिका आर. ली अर्मीकडे होती. हा माणूस मरीन दलात खरोखरीचा कवायत-प्रशिक्षक होता आणि ‘फुल मेटल जॅकेट’मध्ये त्याने तोच रंगवला होता. घरातल्या भिंतीवर विलर्डच्या मेलेल्या वडिलांचे चित्र टांगले आहे, आणि त्या चित्रातला चेहरा १९७१ च्या विलर्डचा, म्हणजे ब्रूस डेव्हिसनचा आहे. जुना विलर्ड नव्याला वारसा म्हणून काय देऊन गेला, तर ही पडकी वास्तू आणि हा साहेब.

या विलर्डला पांढरा सॉक्रेटिस सापडतो तो उंदीर पकडायच्या चिकट पुठ्ठ्यावर. तो त्याला सोडवतो आणि उशाशी घेऊन झोपतो. बेनलाही जवळ यायचे असते. बेनच्या कामासाठी इथे आफ्रिकेतला गॅम्बियन थैलीउंदीर वापरला आहे. आपण त्याला घूसच म्हणू. विलर्ड त्याला बिछान्याजवळ येऊ देत नाही, खाली तळघरात धाडतो. काम बेनकडून करून घ्यायचे आणि प्रेम सॉक्रेटिसला द्यायचे. कचेरीत मार्टिन विलर्डशी जसा वागतो, तसाच विलर्ड घरी बेनशी वागतो. चित्रपटातली सर्वांत भीतिदायक जागा हीच आहे, आणि तिच्यात रक्ताचा थेंबही नाही.

हे पाहणारा प्रेक्षक मात्र आता वेगळा होता. एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत दोन मुलांनी तेरा जणांना गोळ्या घालून ठार केले होते. त्यानंतर गप्प, एकलकोंड्या, मनात राग साठवणाऱ्या पोराकडे अमेरिका धास्तावून पाहू लागली. १९७१ साली विलर्डच्या सूडावर टाळी पडू शकत होती. २००३ साली ती टाळी हाताशी येऊन थबकत असणार. चित्रपट पडण्याची कारणे पुष्कळ असतात, पण हे एक कारण नाकारता येत नाही.

बेनच्या खऱ्या भाऊबंदांचेही नशीब त्याच वर्षी फिरले. घानाहून आलेल्या आफ्रिकी उंदीरवर्गीय प्राण्यांमुळे अमेरिकेत मंकीपॉक्स पसरला, सत्तेचाळीस रुग्ण झाले, आणि जूनमध्ये अशा प्राण्यांच्या आयातीवर बंदी आली. पुढे त्याच कुळातल्या मगावा नावाच्या थैलीउंदराने कंबोडियात वास घेऊन भूसुरुंग शोधले. २०२० साली त्याला ब्रिटनच्या प्राणिसेवी संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. २०११ साली शिकागो विद्यापीठातल्या प्रयोगात दिसले, की नळकांड्यात अडकलेल्या जोडीदाराला दुसरा उंदीर दार उघडून सोडवतो, समोर चॉकलेट असले तरीही, आणि पुष्कळदा ते चॉकलेटही वाटून घेतो. एकाला उशाशी आणि दुसऱ्याला तळघरात ठेवण्याची रीत विलर्डने उंदरांकडून घेतलेली नव्हती. ती त्याने कचेरीतून घरी आणली होती.

मॉर्गनचा शेवट या सगळ्याला पुरा पडत नाही. त्याचा विलर्ड मरत नाही; वेड्यांच्या इस्पितळात जातो, तिथे त्याला आणखी एक पांढरा उंदीर भेटतो. त्याला रुग्ण ठरवले की मार्टिन, कचेरी, आई सगळे सुटतात. १९७१ च्या विलर्डला निदान बेनच्या तोंडून न्याय मिळाला होता. मात्र श्रेयनामावली सुरू होते तेव्हा ‘बेन’ हे जुने गाणे पुन्हा लागते, आणि या वेळी आवाज क्रिस्पिन ग्लोव्हरचा असतो. डॅनी नावाच्या निरागस मुलासाठी रचलेले मैत्रीचे गाणे आता विलर्ड गातो, ज्याने बेनला कधी मित्र मानलेच नाही.