दोन वर्द्या

'वर्दी' हा शब्द वर्गात आला की आमची थोडी पंचाईत होते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. आमच्या मुलांना वर्दी म्हणजे अंगावरचा युनिफॉर्म एवढेच ठाऊक असते. मराठी वर्तमानपत्रात मात्र 'आगीची वर्दी मिळताच बंब रवाना झाले' असे छापून येते. मग एखादा हात वर करून विचारतो, "सर, आग भी वर्दी पहनती है क्या?"

हा प्रश्न पहिल्यांदा ज्याने विचारला तो मुलगा आज मुंबई अग्निशमन दलात आहे. बी.एड. होऊन आम्ही नुकतेच नोकरीला लागलो होतो, तेव्हा तो सातवीत होता. आता २६ वर्षांचा आहे. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी तो घरी आला. हातात मिठाईचा पुडा नव्हता, मराठी व्याकरणाचे पुस्तक होते. आम्ही म्हटले, "बेटा, पदोन्नतीची परीक्षा आहे का?" तो म्हणाला, "नाही सर. पोलीस भरती. वयाची अट २८ची आहे, पुढच्या भरतीपर्यंत थांबलो तर गाडी निघून जाईल. धावण्याची, गोळाफेकीची काळजी नाही. लेखीच्या शंभर गुणांत मराठी व्याकरण आहे, तिथे अडकतो." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "पण अजून ठरवलेले नाही. तुम्ही सांगा, जाऊ का नको?"

शिक्षकाला असे प्रश्न आवडतात, कारण सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत. आम्हीही तोंड उघडणार होतो. मग लक्षात आले की, या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे तयार नाही.

पगार, बढती, घर, लग्नाचे स्थळ या गोष्टी आल्याच. त्याच्या आईला वाटते, मोहल्ल्यात पोलिसाच्या आईला लोक वेगळ्या नजरेने बघतात. त्यात खोटे काही नाही. पण तो आमच्याकडे आला होता ते या हिशेबासाठी नव्हे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मामेबहिणीची हरवल्याची तक्रार द्यायला घरची माणसे एका पोलीस ठाण्यात गेली होती. दुपारपासून रात्रीपर्यंत त्यांना बाकावर बसवून ठेवले आणि विचारले ते भलतेच. मुलगी सुखरूप सापडली, विषय संपला. याच्या मनात मात्र तो बाक राहिला. "त्या टेबलामागे मी असतो तर, सर?" एवढेच तो म्हणाला.

आता त्याच्या आजच्या कामाकडे पाहू. भरतीच्या वेळी माणसाच्या वजनाचा पुतळा खांद्यावर घेऊन धावायचे, उंचावरून ताणलेल्या चादरीत उडी टाकायची, असल्या चाचण्या देऊन तो दलात आला. या दलाचा इतिहास साधा नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर आग लागली. आत कापसाच्या गासड्या होत्या आणि स्फोटकेही. स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेल्यांपैकी ६६ जवान गेले. म्हणून देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या एका जुन्या इमारतीच्या आगीने दलाचे चार अधिकारी नेले. शरीराला इतके महाग पडणारे काम शहरात दुसरे क्वचितच असेल.

तरीही आमचे म्हणणे असे की, नीतीच्या दृष्टीने हे काम सोपे आहे. कोणी रागावू नये. आगीत अडकलेला माणूस कोण आहे, हे जवानाला विचारावे लागत नाही. आग ज्याने लावली तोही आत सापडला तर त्यालाही खांद्यावर घेऊन उतरायचे असते. त्याचा गुन्हा ठरवणारे मागाहून येतात. जवानाची चूक झाली तर ती कौशल्याची चूक होते, अन्याय होत नाही. कारण त्याच्या कामात समोरचा विरोधी पक्ष माणूस नसतोच.

पोलिसाचे काम नेमके इथून सुरू होते. फिर्यादी कोण आणि आरोपी कोण, हे त्याला निवडावे लागते. महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असे लिहिलेले आहे. सज्जनांचे रक्षण आणि दुष्टांचा बंदोबस्त. पहिला शब्द दोन्ही दलांना लागू आहे. दुसरा शब्द फक्त पोलिसांचा आहे आणि सगळी अडचण त्या दुसऱ्या शब्दात आहे, कारण खल कोण हे आधी कोणीतरी ठरवायचे असते.

१९९२-९३च्या दंगलीत आम्ही पाच-सहा वर्षांचे होतो. त्या दिवसांतले थोडेच आठवते. रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला की घरातली मोठी माणसे बोलायची थांबत. बंबाची घंटा ऐकू आली की तीच माणसे खिडकीशी जात. पुढे मोठेपणी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा १९९८चा अहवाल वाचला. सुमारे ९०० मृत्यू, त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. आणि पोलिसांच्या पक्षपाताबद्दलचे निष्कर्ष. तेव्हा घरातल्या त्या शांततेचा अर्थ कळला.

पण एवढ्यावर थांबणे हा लबाडपणा होईल. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री ताजच्या खिडक्यांना शिड्या लावून अग्निशमन जवानांनी लोकांना खाली आणले, तेव्हा सगळे जग पाहत होते. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त काठी असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि ते गेले. काठी धरणारा हातही असा असतो.

म्हणजे प्रश्न वर्दीच्या रंगाचा नाही. प्रश्न असा आहे की, जिथे अन्याय होण्याची शक्यता आहे तिथे भल्या माणसाने जावे की तिथून दूर राहावे? आमच्या परंपरेत हा वाद जुना आहे. खलिफा मन्सूरने इमाम अबू हनीफा यांना काझी व्हायला सांगितले. त्यांनी नकार दिला, तुरुंग पत्करला. त्यांचेच शागीर्द अबू यूसुफ यांनी मात्र पद स्वीकारले आणि हारून रशीदच्या काळात ते मुख्य काझी झाले. आम्ही कोकणी, शाफई घरातले. तरी लहानपणी मदरशात उस्तादांनी पहिली गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगितली होती. दुसरी कोणी सांगितली नाही, ती आम्ही स्वतः वाचली. गुरूने हात स्वच्छ ठेवले आणि शिष्याने ते मळण्याची जोखीम घेतली. पण हनफी फिक्ह न्यायालयांपर्यंत पोहोचली त्यात शिष्याच्या पदाचा वाटा मोठा आहे. दोघांपैकी कोण चुकले, हे सांगायची आमची छाती नाही.

इथे आमच्या मनात एक शंका आहे आणि ती आमच्याच लोकांविषयी आहे. सच्चर समितीने २००६ साली आकडे दिले. देशात मुसलमान १३.४ टक्के, भारतीय पोलीस सेवेत ४ टक्के. तेव्हापासून आमच्या प्रत्येक मेळाव्यात कोणीतरी टेबलावर मूठ आपटून सांगतो की, आपली मुले पोलिसांत गेली पाहिजेत. शासनाने अल्पसंख्याक मुलांसाठी भरतीपूर्व प्रशिक्षणाचे वर्गही चालवले. हे सगळे योग्यच आहे. पण भाषण करणाऱ्यांत आम्हीही होतो आणि आमचा धाकटा भाऊ संगणकाच्या कंपनीत आहे. समाजाचा बोजा एका २६ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर ठेवायचा आणि आपण टाळ्या वाजवायच्या, हे काही खरे नव्हे. शिवाय अबू यूसुफ मुख्य काझी होते. हा शिपाई होणार. सर्वांत खालच्या पायरीवर उभा असलेला माणूस अन्याय थांबवू शकतो किती? बाकावर बसलेल्यांना पाणी देऊ शकतो, तक्रार नीट लिहून घेऊ शकतो. ते कमी नाही. पण एखाद्या दिवशी बंदोबस्तात, स्वतःच्याच वस्तीसमोर, त्याला हुकूम मिळेल. हुकूम बरोबर असेल तर ओळखीच्या माणसांवर काठी उचलावी लागेल आणि चुकीचा असेल तर नाही म्हणावे लागेल. बेकायदा हुकूम पाळला म्हणून शिपाई कायद्याने सुटत नाही. आणि दोन्ही बाजूचे लोक त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचणार, हे वेगळेच.

दाढीचाही विषय निघाला. तो हसून म्हणाला, "आमच्याकडे धुरात शिरताना तोंडाला मास्क लावतात, दाढी असेल तर तो नीट बसत नाही. म्हणून मी आधीपासूनच गुळगुळीत."

आम्ही त्याला हे सगळे जवळजवळ असेच सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग त्याने एक गोष्ट सांगितली, जी आम्हाला अपेक्षित नव्हती. पडलेल्या इमारतीतून त्यांनी एकदा एका बाईंना बाहेर काढले. बाई त्याची कॉलर सोडेना. "सर, तिने माझे नाव विचारले नाही, मीही तिचे विचारले नाही. रुग्णवाहिका निघून गेली. फार बरे वाटले. पण नंतर वाटले, इमारत का पडली, पैसे कोणी खाल्ले, हे आमच्यापैकी कोणीच विचारणार नाही. आम्ही फक्त उचलतो."

आम्ही विचारले, "आणि पोलीस विचारतात?"

"विचारायला हवे, असे त्यांच्या नोकरीत लिहिलेले आहे. आमच्या नोकरीत तेवढेही नाही."

नोकरीत असताना अर्ज करायचा तर खात्याची परवानगी घ्यावी लागते. ती मागितली की ठाण्यातल्या सोबत्यांना कळणार, हा जायला निघालाय. ज्यांच्या हातात आपल्या कमरेची दोरी असते, त्यांना हे सांगणे त्याला सर्वांत जड वाटत होते. पोलिसांतल्या धोक्यापेक्षाही जड.

शेवटी त्याने विचारले, "सर, माझ्या जागी तुम्ही असता तर गेला असता?"

आम्ही खरे ते सांगितले. नसतो गेलो. भीती वाटली असती.

तो थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिला. मग त्याने पुस्तक उघडले आणि म्हणाला, "ठीक आहे. कर्मधारय आणि तत्पुरुष, यांतला फरक एकदा समजावून सांगा."