परका आवाज आणि आठवी आज्ञा

आठवी आज्ञा आपण पहिल्या कम्युनियनच्या वर्गातच पाठ करतो, आणि पाठ झाली म्हणजे ती समजली असे मानून पुढे आयुष्यभर चालतो. खोटी साक्ष म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर न्यायालयाचा पिंजरा उभा राहतो, नाहीतर गावातली चहाडी आणि बदनामी. या साऱ्यांत असत्य बोलणारा एक, ऐकणारा दुसरा आणि इजा पोहोचते ती तिसऱ्यालाच. परंतु असत्याचा असाही एक प्रकार आहे, ज्यात इजा होते ती ऐकणाऱ्याचीच. त्याच्या कानात शब्द पडतात आणि त्याच क्षणी त्याच्या हातातले काहीतरी काढून घेतले जाते. निवडणुकीच्या दिवसांत मतदारांना जे फसवे दूरध्वनी केले जातात, ते या जातीचे असत्य होय. त्याचा विचार आपल्या नीतिशास्त्राच्या कसोटीवर करून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

कॅनडामधील ग्वेल्फ शहराचे उदाहरण घेऊ, कारण त्याची न्यायालयीन छाननी झालेली आहे. २ मे २०११ हा तेथील संघीय निवडणुकीचा मतदानाचा दिवस होता. सकाळी दहाच्या सुमारास ग्वेल्फमधील सुमारे ६,७०० दूरध्वनी क्रमांकांवर ध्वनिमुद्रित संदेश गेला. एका स्त्रीचा आवाज होता. आपण ‘इलेक्शन्स कॅनडा’ या निवडणूक यंत्रणेतर्फे बोलत आहोत, गर्दी वाढण्याची शक्यता असल्यामुळे आपले मतदान केंद्र बदलले आहे, असे सांगून ती मतदारांना शहराच्या मध्यभागातील एका व्यापार संकुलाकडे पाठवीत होती. केंद्र बदललेले नव्हते. ज्यांना हा संदेश गेला ते बहुतांशी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मत न देणारे म्हणून त्या पक्षाच्या यादीत नोंदलेले मतदार होते. शंभराहून अधिक माणसे त्या संकुलाकडे गेली. काही तेथून आपल्या खऱ्या केंद्राकडे गेली, काही तशीच घरी परतली. ज्या मोबाइलवरून हा उद्योग झाला तो ‘पियर पुटीन’ या नावाने घेतलेला होता. पुटीन हा क्वेबेक प्रांतातील बटाट्याच्या तळलेल्या कापांचा, चीजचा आणि रश्श्याचा एक लोकप्रिय पदार्थ. म्हणजे आपल्याकडे कोणी ‘बटाटेवडे’ या आडनावाने सिमकार्ड घ्यावे, तसे. फसवणाऱ्याला आपली थट्टा मोठी गमतीची वाटली असावी.

पुढे २०१४ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या स्थानिक प्रचारातील एका तरुण कार्यकर्त्याला दोषी ठरवून नऊ महिन्यांची कैद सुनावण्यात आली. ग्वेल्फची जागा मात्र लिबरल उमेदवारानेच जिंकली होती, तीही सहा हजारांहून अधिक मतांनी. तेव्हा व्यवहारी माणूस विचारतो : मग बिघडले काय? ज्याला पाडायचे होते तो निवडून आला. निकालाच्या केसालाही धक्का लागला नाही.

हा प्रश्न वरवरचा नाही. पापाचे मोजमाप परिणामांवरून करायचे असेल, तर या कृत्यात शून्यच हाती येते. पण येथे इजा उमेदवाराची झालेली नाही, म्हणून ती निकालात शोधून सापडायची नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी मानवी कृतीच्या स्वेच्छेचा विचार करताना अज्ञानावर स्वतंत्र विवेचन केले आहे. ज्या अज्ञानाला माणूस स्वतः जबाबदार नाही, अशा अज्ञानातून घडलेली कृती त्याची इच्छेने केलेली कृती ठरत नाही. त्या संकुलाच्या दारातून घरी परतलेल्या म्हातारीने ‘मतदान केले नाही’ असे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. तिने न करण्याचे ठरवलेलेच नव्हते. ठरवण्याची जी शक्ती परमेश्वराने माणसाला आपल्या प्रतिमेची खूण म्हणून दिली, तिच्या जागी दुसऱ्याच कोणाचा निर्णय बसवण्यात आला होता.

आपल्याकडे मत विकण्याविरुद्ध व्यासपीठावरून पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. पैसे घेऊन मत देणारा मोठा अपराध करतो. तरीसुद्धा त्याला निदान ठाऊक असते की आपण काय विकले आणि केवढ्याला. त्याची बुद्धी शाबूत असते, इच्छा भ्रष्ट झालेली असते. तो त्या पापाचा भागीदार आहे, पश्चात्तापही करू शकतो. फसवलेल्या मतदाराला पश्चात्ताप करण्यासारखे काही उरत नाही आणि अभिमान बाळगण्यासारखेही नाही. मला स्वतःला हे दुसरे कृत्य पहिल्याहून अधिक नीच वाटते, जरी आपल्या चर्चेत त्याला फारसे स्थान नसले तरी.

यावर आणखी एक बचाव पुढे येतो. एक मत म्हणजे कितीसे? एकेका माणसाचे नुकसान अगदी किरकोळ. मग बाबही किरकोळ. नीतिशास्त्राच्या अभ्यासकांना हा युक्तिवाद जुना आहे. सतराव्या शतकात काही पंडितांनी असे मांडले होते की, पुष्कळ लहानसहान चोऱ्या करून कितीही मोठी रक्कम जमली तरी ती परत करण्याचे बंधन मोठ्या पापाच्या भयाखाली नाही. पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ मध्ये जी पासष्ट मते निषिद्ध ठरवली, त्यांत हेही होते. बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला पन्नास ग्रॅम कमी मापणारा भाजीवाला घ्या. एकाही गिऱ्हाइकाच्या घरी त्या दिवशी कोणी उपाशी राहत नाही. पण वर्षअखेरीस त्याच्या गल्ल्यात जे जमते ती चोरी लहान नसते. आणि तो बिचारा प्रत्येक वेळी तागडीला बोट तरी लावतो, सद्सद्विवेकाला दिवसातून शंभर वेळा टोचायची संधी तरी देतो. यंत्राद्वारे केलेल्या दूरध्वनीत एकदा कळ दाबली की हजारो माणसे फसतात आणि दाबणाऱ्याला त्यांपैकी एकाचाही चेहरा दिसत नाही.

अमेरिकेतील मेरीलँड राज्यातील प्रकार याहून सूक्ष्म आहे. २ नोव्हेंबर २०१० रोजी गव्हर्नरपदाच्या मतदानाची वेळ संपण्यापूर्वीच सुमारे १,१२,००० डेमोक्रॅट मतदारांना, प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्तीत, दूरध्वनी गेले. आवाजात कोणतीही धमकी नव्हती, निंदा नव्हती. उलट आनंदाची बातमी होती : आपले गव्हर्नर ओमॅली विजयी झाले, सारे ठीक आहे, निश्चिंत राहा, आता केवळ दूरदर्शनवर पाहत बसा. दूरध्वनी करवणारे होते विरुद्ध पक्षाचे. नंतर त्या उमेदवाराचा प्रचारप्रमुख आणि एक सल्लागार दोषी ठरले. गंमत अशी की ओमॅली त्या रात्री खरोखरच विजयी झाले. म्हणजे संध्याकाळी सांगितलेली बातमी रात्री खरी ठरली!

मग ते असत्य होते की नाही? थॉमसचे उत्तर स्पष्ट आहे. असत्य भाषणाचे मूळ शब्द आणि वस्तुस्थिती यांच्या विसंगतीत नाही, मन आणि वाणी यांच्या विसंगतीत आहे. स्वतःला खोटे वाटणारी गोष्ट खरी म्हणून सांगणारा खोटेच बोलतो, मग ती योगायोगाने खरी निघो. आपल्या मराठी मनाला हे समजायला थॉमसची गरजही पडू नये. ‘नरो वा कुंजरो वा’ ही कथा आपल्या भाषेतच मुरलेली आहे. युधिष्ठिराच्या वाक्यात हत्तीचा उल्लेख होता, वाक्य अक्षरशः खरे होते आणि तरीही जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला.

१९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात असत्याची व्याख्या करताना ‘ज्याला सत्य जाणण्याचा हक्क आहे’ अशा माणसाला फसवणे, असे शब्द होते. १९९७ च्या लॅटिन प्रमाण आवृत्तीत हक्काची ती अट गाळण्यात आली. दारात उभ्या असलेल्या मारेकऱ्याला खरे सांगावे का, या जुन्या वादाशी या बदलाचा संबंध आहे आणि तो वाद अजून मिटलेला नाही. आपल्या विषयापुरते पाहता दोन्ही आवृत्त्या एकच निकाल देतात. मतदार हा कोणाचा मारेकरी नव्हे. आपले मतदान केंद्र कोठे आहे आणि मतदान चालू आहे की संपले, हे जाणण्याचा हक्क त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला असणार?

ग्वेल्फच्या प्रकरणाला आणखी एक पदर आहे, आणि तो आपणा कॅथलिकांना अधिक अडचणीचा आहे. त्याच निवडणुकीत लिबरल पक्षाच्या स्थानिक संघटनेनेही एक ध्वनिमुद्रित दूरध्वनी केला होता. त्यात प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या गर्भपातविरोधी भूमिकेवर टीका होती. परंतु दूरध्वनी कोणातर्फे आहे हे लपवून बोलणारीला बनावट नाव देण्यात आले होते. २०१२ मध्ये तेथील दूरसंचार नियामकाने या संघटनेला ४,९०० डॉलरचा दंड केला. आता क्षणभर बाजू उलटी करू. न जन्मलेल्या बालकांच्या रक्षणासाठी आपल्यापैकीच कोणी बनावट नावाने असा दूरध्वनी केला तर? कित्येकांच्या मनात हळूच येईल की, हेतू एवढा पवित्र असताना नावाचे काय घेऊन बसलात. हाच प्रश्न स्पेनमधील कॉन्सेन्शियस याने संत ऑगस्टीन यांच्यापुढे ठेवला होता. प्रिसिलियन पंथाचे लोक आपली मते लपवतात, तर त्यांना पकडण्यासाठी कॅथलिकांनीही त्यांच्यातलेच असल्याचे सोंग का करू नये? ऑगस्टीन यांनी त्यावर ‘असत्याविरुद्ध’ हा सबंध ग्रंथ लिहिला आणि उत्तर नकारार्थी दिले. मला त्यांच्या सर्वच निष्कर्षांत तितकेसे समाधान मिळत नाही. आपल्या वडिलांना फसवणाऱ्या याकोबाचे वर्तन असत्य नसून गूढ होते, असे ते म्हणतात तेव्हा थोर माणसाचीही तारांबळ दिसते. पण श्रद्धेच्या सेवेला असत्य लावले की ऐकणारा आपल्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास ठेवीनासा होतो, हा त्यांचा मुद्दा आजही अभेद्य आहे.

याकोबाचा विषय निघालाच आहे, तर त्या कथेकडे पुन्हा पाहावे. आंधळ्या इसहाकाला आवाज याकोबाचा वाटला होता. कानाने त्याला खरे सांगितले, हातांना लागलेल्या केसाळ कातड्याने फसवले. आज हे उलटे झाले आहे. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील प्राथमिक निवडणुकीच्या दोन दिवस आधी हजारो मतदारांच्या कानी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांचाच आवाज आला आणि या मतदानाला जाऊ नका असे सांगून गेला. तो आवाज संगणकाने बनवलेला होता. तो करवणाऱ्या सल्लागाराला तेथील दळणवळण आयोगाने साठ लाख डॉलरचा दंड ठोठावला. फौजदारी खटल्यात मात्र २०२५ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले.

आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांत छापील पत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव असलेच पाहिजे, असा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचा दंडक आहे. कागदाला बाप असतो. दूरध्वनीतल्या आवाजाला तो कोठून विचारायचा? महापालिकेच्या वेळी तर विधानसभेची यादी प्रभागांत विभागली जाते, एकाच घरातील नावे कधी दोन केंद्रांवर जातात, गेल्या वेळची शाळा या वेळी असतेच असे नाही. अशा गोंधळात ‘आपले केंद्र बदलले आहे’ हे वाक्य कोणालाही खरे वाटेल. आणि प्रचार कार्यालयात रोजावर बसून दूरध्वनी करणारी मुले कोणाची असतात? आपलीच. एखादी आई विचारील, “फादर, त्याला कागद देतात तो तो वाचतो, त्यात त्याचे काय पाप?” कागदावरचा मजकूर खोटा आहे हे त्याला ठाऊक नसेल, तर तो त्या इतरांप्रमाणेच फसवला गेला आहे. ठाऊक असूनही वाचत असेल, तर तो केवळ साहाय्यक राहत नाही. असत्य त्याच्याच तोंडून उच्चारले जाते. रोजाची गरज त्याचा दोष कमी करील, नाहीसा करणार नाही.

राहिली भरपाई. सत्याविरुद्धच्या प्रत्येक अपराधाला भरपाईचे बंधन आहे, असे धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. चोरीचा धनी सापडत नसेल तर ती रक्कम गरिबांना देण्याची वाट तरी आहे. मताचे काय करणार? दिवस मावळला की ते कोणालाच परत देता येत नाही. असा माणूस पापनिवेदनाला माझ्याकडे आला, तर तीन ‘नमो मरिया’ सांगून मी त्याला पाठवू शकणार नाही. जेथे अजून वेळ असेल तेथे त्याच क्रमांकांवर खरी माहिती द्यावी, वेळ गेली असेल तर स्वतःच्या नावाने आपले कृत्य उघड करावे, अशी आर्जवपूर्वक विनंती मी त्याला करीन. हे कठीण आहे हे मी जाणतो. ग्वेल्फच्या खटल्यात न्यायाधीशांनी स्वतःच म्हटले होते की आरोपीने हे बहुधा एकट्याने केलेले नसावे. कोणी तो फोन विकत आणला असेल, कोणी यादी पुरवली असेल, कोणी संदेश लिहिला असेल, आणि एका स्त्रीने तो वाचला होता. त्या एका तरुणाखेरीज त्या दूरध्वनींबद्दल दुसरे कोणीही दोषी ठरले नाही.