विरहानंतरची खरेदी

विरहार्त मनुष्य बाजाराची वाट का धरतो, या प्रश्नाला चैन, उथळपणा किंवा स्त्रीस्वभाव असे ठराविक उत्तर देऊन मोकळे होणारे नीतिवादी पुष्कळ आहेत. परंतु १८५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीत, जिवाचा सखा लेओं पॅरिसला निघून गेल्यानंतर नायिका एमाने केलेल्या खरेदीची जी नोंद फ्लोबेर करतो, ती वाचणाऱ्याला हे उत्तर पुरत नाही. गॉथिक घडणीचे प्रार्थनापीठ, रूआंहून मागवलेला निळ्या काश्मिरी लोकरीचा पोशाख, इटालियन भाषेचे कोश, आणि नखे उजळण्यासाठी एका महिन्यात चौदा फ्रँकांची लिंबे! यांतली एकही वस्तू निकडीची नव्हती. पण प्रत्येक वस्तू तिने स्वतः पसंत केलेली होती, आणि मर्म तेथेच आहे.

प्रेमभंगाचा निकाल बहुधा एकतर्फी लागतो आणि त्यावर अपील चालत नाही. स्वतःच्याच आयुष्यातून असा बेदखल झालेला जीव दुकानात शिरतो, तेव्हा हे हवे, ते नको, असे म्हणण्याची मुखत्यारी त्याला क्षणभर परत मिळते. स्कॉट रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा निष्कर्षही असाच आहे: काय विकत घ्यायचे हे ठरविल्याने रेंगाळणारी खिन्नता ओसरते, आणि त्यांच्या काही प्रयोगांत तर खरेदी नुसती कल्पनेतली होती. क्रोध मात्र या उपायाने शमला नाही. कारण परिस्थितीपुढे हतबल झाल्याची भावना ही खिन्नतेची सहचरी आहे, क्रोधाची नव्हे.

तेव्हा सांत्वन निवडीत असते, मालकीत नसते. आणि व्यापारी या दोहोंची फारकत होऊ देत नाही. एमाला उंची वस्त्रे पुरविणाऱ्या लरोने पुढे पैशांसाठी तगादा न लावता उधारी वाढू दिली, रोख्यांवर सह्या घेतल्या, मुदती बदलून दिल्या, आणि अखेर आठ हजार फ्रँकांचा हुकूमनामा व जप्ती तिच्या दाराशी आणली. खरेदीने तिला दिलेली मुखत्यारी कर्जाने सव्याज वसूल केली.

म्हणून दुःखी माणसाच्या खरेदीची परीक्षा वस्तूच्या उपयुक्ततेवरून करणे मला अन्यायाचे वाटते. चौदा फ्रँकांच्या लिंबांनी एमा बुडाली नाही. दुःख सरल्यावरही जिचे हप्ते फेडावे लागतात, ती खरेदी मात्र माणसाला एका परक्या मर्जीतून सोडवून दुसऱ्या परक्या मर्जीच्या स्वाधीन करते.