नालंदेचे ग्रंथ आणि आपली घरे



नालंदेचे नाव निघाले की आपली मान अभिमानाने ताठ होते. तसेच ते वैभव होते. पाचव्या शतकात, गुप्तकाळात उभा राहिलेला हा महाविहार सुमारे सातशे वर्षे विद्येचे माहेरघर होता. चीनहून ह्युएन-त्संग आला, आचार्य शीलभद्रांपाशी शिकला आणि इ. स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन मायदेशी पोचला. तेथील ग्रंथालयाच्या रत्नसागर, रत्नोदधी आणि रत्नरंजक अशा तीन इमारती होत्या, असे तिबेटी परंपरा सांगते.

इ. स. १२०० च्या सुमारास बख्तियार खिलजीच्या स्वाऱ्यांत मगधातील विहार उद्ध्वस्त झाले. पुढे १२३५ च्या सुमारास तिबेटी भिक्खू धर्मस्वामी नालंदेस आला, तेव्हा नव्वदी ओलांडलेले राहुल श्रीभद्र सुमारे सत्तर विद्यार्थ्यांना शिकवीत होते. सैनिक येत आहेत असे कळताच सारे पांगले. धर्मस्वामीने वृद्ध गुरूला पाठुंगळीला घेतले आणि वाचविले.

विचार करा, ग्रंथालय गेले एवढेच का आपले दुःख? मूळ संस्कृतात हरवलेले कितीतरी ग्रंथ चिनी आणि तिबेटी भाषांतरांत आजही जिवंत आहेत. पण खुद्द मगधात ते पुन्हा सांगणारे उरले नाहीत. बाबासाहेबांनी याचे कारण दाखविले आहे. ब्राह्मणाचा मुलगा जन्मानेच पुरोहित होतो. भिक्खू मात्र दीक्षेने आणि शिक्षणाने घडतो. भिक्खू मारले गेले, तेव्हा त्यांची जागा घ्यायला कोणी नव्हते. विद्या विहारात राहिली होती, उपासकांच्या घरात मुरली नव्हती.

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दिवस आठवा. त्या दिवशी एका गृहस्थाने लाखो गृहस्थांना दीक्षा दिली. धम्म घराघराच्या हवाली झाला.

आणि आपण काय करतो? ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ पांढऱ्या कापडात बांधून मूर्तीशेजारी ठेवतो. त्याला हार असतो, पण पानांना बोट लागलेले नसते. न वाचलेला ग्रंथ आणि जळालेला ग्रंथ, यांत फरक तो काय?

आज रात्री जेवणे झाल्यावर ते कापड सोडा. शाळेत जाणाऱ्या मुलीला एक पान मोठ्याने वाचू द्या. आजीने ऐकावे, अडेल तेथे विचारावे. उत्तर आले नाही तर लाजू नका, उद्या शोधा. असे घर म्हणजेच नालंदा. अशा हजार घरांना एका वेळी आग लावता येत नाही.

जयभीम!